तीन नंबर वखार

निपाणीतली तंबाखूची वखार रिकामी झाली
तेव्हा मगदूम सरांनी शेठजींकडं किल्ली मागितली,
देणगी नाही.
शेठजी म्हणाले, उंदरं हायत, तुमचं तुम्ही बघा.

आम्ही नऊ पोरी, दोन पोरगे
पहिला आठवडा नुसते झाडत होतो.
झाडू फिरला की भिंती शिंकायच्या,
आम्ही शिंकायचो,
तुळईवरचे पारवे बिचकून एकदम उडायचे.
जाळं इस्माईलचाचांनी विणून दिलं,
वेदगंगेत मासे धरायचं, त्याच हातांनी.
सुतळी ताणून सरांनी चुन्याच्या रेघा मारल्या
आणि टेप गुंडाळत म्हणाले,
हे मोजलेलं आहे. ह्याच्यावर भांडायचं नाही.

रॅकेटी चार. पाचवी माझी,
तिला तारा नव्हत्या.
फूल यायचं आणि आरपार जायचं,
माझ्या मागं भुईवर पडायचं.
पाय वेळेवर पोचले, सर म्हणायचे,
लिही गं, एक गुण.
चार महिने मी असे गुण मिळवले.

फुलांचं तर विचारूच नका.
मोडक्या पिसांची फुलं
गाड्यावरच्या किटलीच्या वाफेवर धरायची,
पिसं ताठ व्हायची, पुन्हा दोन दिवस.
आमच्या स्मॅशला आल्याचा वास होता.

हुक्केरीची गंगव्वा कन्नडात मोजायची,
मी मराठीत.
तिचे ऐदु, माझे सात,
तिचे हत्तु, माझे अकरा,
आणि इप्पत्तु-वीस झालं
की दोघींची वाचाच बसायची.

मग सर स्कूटरला खांब बांधून निघाले.
संकेश्वर, यमकनमर्डी, खानापूर, नंदगड.
त्यांच्या वहीत जिंकल्या-हरल्याचा रकाना नव्हता,
किती आली, किती उरली, एवढंच:
नंदगड अकरा, मग चार, मग पावसाळा.
यमकनमर्डी, छप्पर नाही, वारा फार. वारा शिकवतोय, चालू ठेवणे.
संकेश्वर, ऊसतोडीच्या टोळीतली दोन पोरं, उत्तम मनगट,
फाल्गुनात गेली. पत्ता नाही.
ह्या ओळीखाली त्यांनी दोनदा रेघ ओढलेली.

बेळगावात निवड चाचणीला
पांढऱ्या बुटांच्या साहेबांनी विचारलं, अकॅडमी कुठली?
मी म्हटलं, तीन नंबर वखार.
मागच्या बाकावर कुणीतरी हसलं.
नवावर हरले, मग सतरावर.
सरांनी वहीत फक्त सतरा लिहिलं.

शालनला गडहिंग्लजला दिली.
वर्षभर काही कळलं नाही,
मग पत्र आलं, सर, शाळेच्या पटांगणात जाळं बांधलंय,
खांब बाभळीचे, चालतील न्हवं?
सरांनी गडहिंग्लज त्याच पानावर चढवलं,
हुक्केरीच्या खाली, त्याच शाईनं.

आता वखारीत लग्नं लागतात.
सरांचा गुडघा गेला.
अंगणात खुर्ची टाकून, डोळे मिटून
ते पोरांचे पाय ऐकतात:
डावा उशिरा पडूलाय बघ त्याचा.

गुरुवारी मी संकेश्वरच्या बसमध्ये चढते,
कंडक्टर खांबांकडं बघतो,
ह्यांचं हाफ घेऊ का फुल?
परवा खानापुरात एकानं विचारलं,
बाई, रेघेवर पडलं तर कुणाचं?
आत धरायचं, मी म्हटलं, आतच,
जरा जोरात गेलं वाटतं,
कट्ट्यावर पेपर वाचणारे दोघं वळून बघू लागले.

वीस रॅकेटी आहेत आता माझ्याकडं.
तरी नव्या पोरीला पहिला महिना
तारा काढलेलीच देते.
ती घरी जाऊन सांगते,
बाई लई चिकट हाय.
असू दे.
फूल आरपार जातं, ती चिडून मागं बघते,
आणि तिचे पाय कुठं पोचलेत
ते अजून तिला ठाऊक नसतं.